"टेन्शन घेते म्हणून डोकं दुखतं": अर्धशिशी आणि आपल्या आयुष्याचा नेमका संबंध काय

नागपूरच्या नंदनवनमध्ये माझं मेडिकल आहे, बारा वर्षं झाली. रोज आठ-दहा जण तरी काउंटरवर येऊन एकच बोलतात, "ताई, भल्लं डोकं दुखून राहिलं, गोळी द्या नं एक." किती दिवसांपासून दुखतंय, काही खाल्लं का, असं विचारलं की निम्मे लोक वैतागतात, आणि ते मला समजतं, कारण मलाही कॉलेजपासून अर्धशिशी आहे आणि ऐन दुखण्यात कोणी प्रश्न विचारले की नकोसं होतं. पण सोबत कोणी घरचं आलेलं असलं, नवरा, सासू, मोठा मुलगा, तर ते मागून हमखास म्हणतात, "टेन्शन घेते नं ती फार, म्हणून होते." आज मला या एका वाक्याबद्दल लिहायचंय, कारण ते अर्धं खरं आहे आणि उरलेलं अर्धं त्या बाईचं दुखणं वाढवतं.

आधी अर्धशिशी म्हणजे काय ते सांगते. डोकेदुखीचे कितीतरी प्रकार आहेत, त्यातली अर्धशिशी, म्हणजेच मायग्रेन, ओळखायची डॉक्टरांची ठरलेली पद्धत आहे. दुखणं ४ ते ७२ तास टिकतं, बहुतेक वेळा एका बाजूला असतं, ठणकतं, जिना चढला की वाढतं, सोबत मळमळ किंवा उलटी तरी होते, नाहीतर उजेड आणि आवाज दोन्ही सहन होत नाहीत. यातलं सगळंच प्रत्येकाला असेल असं नाही, पण असे निदान ५ अटॅक येऊन गेलेले असले की डॉक्टर मायग्रेन म्हणतात. काही जणांना दुखायच्या आधी डोळ्यांपुढे नागमोडी चमकणाऱ्या रेषा दिसतात, हाताला मुंग्या येतात, त्याला ऑरा म्हणतात. आपल्याकडे याला सर्रास "पित्ताचं डोकं" म्हणतात, कारण उलटी झाली की डोकं उतरतं, मग लोक वर्षानुवर्षं ॲसिडिटीच्या गोळ्या खात राहतात. उलटी त्या अटॅकचाच भाग आहे, मुळात गडबड मेंदूत आहे. मेंदूच्या आवरणातल्या रक्तवाहिन्यांभोवती चेहऱ्याच्या मोठ्या नसेचं जाळं असतं, ते चेततं, सीजीआरपी नावाचं एक रसायन सुटतं आणि दुखणं पेटतं. ही साखळी शोधणाऱ्या चार शास्त्रज्ञांना २०२१ मध्ये ब्रेन प्राइझ मिळालं, आणि त्या रसायनाला अडवणारी औषधंही आता आली आहेत. म्हणजे हा मेंदूचा खराखुरा आजार आहे, मनाचे खेळ नव्हेत.

आणि हा आजार थोड्याथोडक्यांना नाही. जगात अंदाजे १०० कोटी लोकांना आहे, बायकांना पुरुषांच्या दोन ते तीन पट. आपल्या शेजारच्या कर्नाटकात १८ ते ६५ वयाच्या लोकांचा घरोघरी जाऊन सर्व्हे झाला होता, त्यात वर्षभरात मायग्रेन झालेले लोक २५ टक्क्यांच्या आसपास निघाले, म्हणजे चारात एक, आणि शहरापेक्षा खेड्यात जास्त. मला हे वाचून आश्चर्य वाटलं होतं, आपण समजतो हा शहरातल्या एसी ऑफिसवाल्यांचा आजार, पण आकडा शेताकडे बोट दाखवतो.

आता मेंदूचं काय वेगळं असतं ते नागपूरकराला समजेल असं सांगते. एप्रिल-मेमध्ये आपल्या घरी रात्रभर कूलर चालतो. सुरू केला की पहिली पाच मिनिटं घर्र घर्र आवाज डोक्यात जातो, मग मेंदू त्याची सवय करून घेतो आणि आपल्याला तो ऐकूच येत नाही, झोप लागते. अर्धशिशीवाल्याचा मेंदू ही सवय नीट करून घेत नाही. दोन अटॅकच्या मधल्या चांगल्या दिवसांतसुद्धा तोच आवाज, तोच उजेड पुन्हा पुन्हा दिला तर साध्या मेंदूचा प्रतिसाद कमी होत जातो, याचा फारसा होत नाही, हे चाचण्यांमध्ये मोजलेलं आहे. अशा मेंदूला ठरलेलं वेळापत्रक लागतं, झोप वेळेवर, जेवण वेळेवर, उजेड बेताचा, आणि मधे कुठं मोठा खड्डा आला की तो अडखळतो. हा मेंदू बऱ्याच अंशी आईवडिलांकडून मिळतो, जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून दिसतं की साधारण अर्धा वाटा अनुवंशाचा आहे. माझ्या आईला होतं, आजीला होतं, आजी डोक्याला धोतराचं फडकं आवळून सुंठेचा लेप लावून बसायची.

मग उरलेला अर्धा वाटा? तिथं आपलं आयुष्य येतं. झोप, पैसा, घरातला ताण, लहानपण, कामाच्या शिफ्ट, उदासी, सगळं. पण हे सगळं एकाच डब्यात टाकून "टेन्शन" म्हटलं की काहीच कळत नाही. तीन प्रश्न वेगळे ठेवायला पाहिजेत. पहिला, एखाद्याला अर्धशिशी मुळात सुरू कशामुळे होते. दुसरा, आज मंगळवारी दुपारी चार वाजताच अटॅक का आला. तिसरा, महिन्यातून दोनदा येणारं दुखणं वाढत वाढत पंधरा-वीस दिवसांवर का गेलं. तिन्हींची उत्तरं वेगवेगळी आहेत. चॉकलेट, ऊन, उपास, अत्तराचा वास हे दुसऱ्या प्रश्नातले, त्यांना ट्रिगर म्हणतात. रिस्क फॅक्टर, म्हणजे ज्यामुळे धोका वाढतो त्या गोष्टी, पहिल्या आणि तिसऱ्यातल्या. आणि आणखी एक सांगून ठेवते, दोन गोष्टी सोबत दिसतात म्हणजे एकीमुळेच दुसरी झाली असं नसतं, पुढे जे अभ्यास सांगणार आहे ते बहुतेक सोबत दिसण्याचेच आहेत.

आता टेन्शनवाल्या वाक्याकडे येते. अटॅक यायच्या काही तास आधी, कधी कधी एक-दोन दिवस आधी, मेंदूत बदल सुरू झालेला असतो. त्या काळात जांभया येतात, गोड खावंसं वाटतं, मान आखडते, सारखं लघवीला लागतं, आणि चिडचिड होते, रडू येतं, काही सुचत नाही. म्हणजे सकाळी बाई भांडीवालीवर चिडली, दुपारी मुलावर ओरडली आणि रात्री डोकं उठलं, तर घरचे म्हणतात "चिडली म्हणून दुखलं." पुष्कळदा उलट असतं, अटॅक सकाळीच सुरू झाला होता, चिडचिड ही त्याची पहिली पायरी होती. माझ्या घरी हे समजायला किती वर्षं गेली. आता माझा नवराच सांगतो, "तू तीनदा जांभई दिली, पाणी पी आणि बस," आणि खरं सांगते, मला तेव्हा जेवढं बरं वाटतं तेवढं कोणत्याही गोळीनं वाटत नाही.

म्हणून ताणाचा संबंध नाही का? आहेच. पेशंटना विचारलं तर ट्रिगरमध्ये सगळ्यात जास्त लोक ताणाचंच नाव घेतात. पण ताण वाढल्यावरच नाही, ताण उतरल्यावरसुद्धा अटॅक येतो, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. न्यूयॉर्कमध्ये संशोधकांनी १७ पेशंटना रोज डायरी लिहायला लावली, ताण किती, डोकं दुखलं का, झोप किती, आणि २०१४ मध्ये ते छापलं. १७ माणसं म्हणजे कमीच, पण डायरीतल्या नोंदी हजारोंनी होत्या. त्यात दिसलं की ताण एका दिवसावरून दुसऱ्या दिवशी कमी झाला की पहिल्या ६ तासांत अटॅकचा धोका जवळपास पाचपट होतो. ताणात शरीर कॉर्टिसोलसारखी हार्मोन्स सोडतं, त्यातली काही दुखणं दाबूनही ठेवतात, ताण सरला की ती उतरतात आणि त्या मेंदूला हा उतार झेपत नाही, असं त्याचं कारण समजतात.

हे वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यासमोर महालक्ष्म्या आल्या. आपल्या विदर्भातल्या बायकांना सांगायला नको, अडीच दिवसांचं काम, सोळा भाज्या, पुरण, आंबील, पंचवीस-तीस पानं उठवायची, ते पण ओल्या केसांनी, सोवळ्यात, दुपारी तीन वाजेपर्यंत पोटात फक्त चहा. त्या दिवशी डोकं दुखत नाही. गौरी विसर्जन झालं, भांडी धुवून माळ्यावर गेली, घर शांत झालं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तर उजवा डोळा उघडेना. दरवर्षी. मी समजायची दमले म्हणून, सासूबाई समजायच्या नजर लागली म्हणून, त्यांनी मीठ-मोहऱ्या उतरवल्या. प्रत्यक्षात अपुरी झोप, उशिराचं जेवण, पाणी कमी आणि त्यावर ताणाचा एकदम उतार, सगळं एका ठिकाणी आलेलं. आता मी महालक्ष्म्यांच्या दिवशीसुद्धा सकाळी नऊला दोन पोळ्या खाते. सुरुवातीला बोलणी खाल्ली, आता सासूबाईच ताट करून देतात. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत लोळत पडायचं नाही, नेहमीच्या वेळेला उठायचं, हे पण ठरवलंय, कारण या मेंदूला झोप कमी झालेली चालत नाही तशी जास्त झालेलीही चालत नाही. परीक्षा संपल्यावर, लग्न पार पडल्यावर, मार्च एंडिंग संपल्यावर ज्यांचं डोकं उठतं त्यांचंही हेच आहे.

पैशाबद्दल लोक बोलत नाहीत म्हणून मी जरा जास्त बोलते. अमेरिकेत लाखाहून जास्त लोकांच्या माहितीवर २०१३ मध्ये एक अभ्यास आला. कमी उत्पन्नाच्या घरांत मायग्रेन जास्त आहे हे आधीपासून माहीत होतं, पण का? एक शक्यता अशी, की आजारानं माणसाचं शिक्षण-नोकरी मागं पडते आणि तो गरीब होतो. दुसरी, की गरिबीचे ताणच आजार सुरू करतात. संशोधकांनी पाहिलं की कमी उत्पन्नाच्या घरांत आजार नव्यानं सुरू होण्याचं प्रमाण जास्त आहे, पण आजार आपोआप थांबण्याचं प्रमाण सगळ्या उत्पन्न गटांत सारखंच आहे. यावरून त्यांचा कल दुसऱ्या शक्यतेकडे गेला, परिस्थितीचा भार आजार पेटवायला हातभार लावतो, एकदा पेटल्यावर तो किती वर्षं चालणार हे मात्र दुसऱ्याच गोष्टी ठरवतात.

तो अमेरिकेतला अभ्यास, पण काउंटरवर मला रोज जे दिसतं ते त्याच्याशी जुळतं. अर्धशिशीला सगळे काय सांगतात, अंधाऱ्या शांत खोलीत पडून राहा. कोणती खोली? माझ्याकडे एक काकू येतात, घरून पोळ्यांच्या ऑर्डरी घेतात, दिवसाला दीडशे-दोनशे पोळ्या. घर म्हणजे दोन खोल्या, वर टिन, मे महिन्यात नवतप्यात ४५ अंश आणि समोर तवा. एका खोलीत टीव्ही, दुसऱ्यात गॅस. डोकं उठलं की त्या पडू शकत नाहीत, कारण ऑर्डर चुकली तर गिऱ्हाईक तुटतं, म्हणून त्या गोळी घेतात आणि लाटत राहतात. मी एकदा त्यांना विचारलं, महिन्यात किती गोळ्या होतात, तर म्हणाल्या "होत असतील आठ-दहा." आमच्याकडे त्यांची उधारीची वही आहे, मी समोर बसवून मोजलं, बावीस दिवस गोळी घेतलेली होती, आणि शेजारच्या दुकानातून घेतलेल्या वेगळ्याच. त्या वहीकडे बघत बसल्या, काहीच बोलल्या नाहीत.

ही बावीस दिवसांची गोष्ट गंभीर आहे. साधी दुखण्याची गोळी महिन्यात १५ दिवस किंवा जास्त, आणि मिश्र गोळ्या, म्हणजे ज्यात कॅफिन वगैरे मिसळलेलं असतं त्या, किंवा खास मायग्रेनच्या ट्रिप्टान आणि अर्गोटामाइनच्या गोळ्या १० दिवस किंवा जास्त, असं तीन महिन्यांपेक्षा जास्त चाललं तर गोळीच डोकेदुखी वाढवायला लागते. गोळी उतरली की डोकं उठतं, म्हणून पुन्हा गोळी. दरवर्षी अधूनमधून मायग्रेन होणाऱ्या शंभरातल्या दोन-तीन जणांचा आजार जुनाट मायग्रेनमध्ये बदलतो, म्हणजे महिन्यात १५ किंवा जास्त दिवस दुखणं, आणि त्यामागं गोळ्यांचा अतिवापर, वाढलेलं वजन, घोरणं, नैराश्य, झोपेचा त्रास, घरात घडलेली मोठी उलथापालथ, हे सगळं सापडतं. आता यात काकूंची चूक किती आणि त्या टिनाची किती हे तुम्हीच सांगा. "गोळ्या कमी खा" हा सल्ला बरोबरच आहे, पण सुट्टीचा एक दिवस हातात नसलेल्या बाईला तो नुसता द्यायचा म्हणजे मला जड जातं. आणि इतक्या गोळ्या एकदम आपल्या मनानं बंद करू नका, डॉक्टर सोबत पाहिजे, पहिले काही दिवस डोकं जास्तच दुखतं.

लहानपणाचा विषय नाजूक आहे, पण सोडता येणार नाही. कॅनडामध्ये २०१२ च्या एका राष्ट्रीय सर्व्हेवरून सुमारे २३ हजार प्रौढांची माहिती तपासली, ते २०१५ मध्ये छापून आलं. लहानपणी मारहाण झाली, लैंगिक अत्याचार झाला, किंवा आईवडिलांमधली हिंसा पाहत मोठं व्हावं लागलं, अशा तीन गोष्टी त्यांनी विचारल्या. तिन्ही सोसलेल्या लोकांमध्ये, बाई असो की पुरुष, मायग्रेन असण्याची शक्यता साधारण तिप्पट निघाली. कारण काय असावं, तर वाढत्या वयात सतत धोक्याच्या सावटाखाली राहिलं की शरीराची धोक्याची घंटा फार चटकन वाजायला शिकते, आणि ती शिकवण मोठेपणी घर सुरक्षित झालं तरी विसरली जात नाही. पण याचा उलटा अर्थ कृपा करून काढू नका, अर्धशिशी आहे म्हणजे लहानपणी काहीतरी झालंच असेल असं अजिबात नाही, बहुतेकांना काहीही झालेलं नसतं. आणि ज्यांच्या घरात आज मारहाण चालू आहे त्यांच्यासाठी १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर आहे, हे मी दुकानात मागच्या बाजूला, जिथं बाई एकटी उभी राहते तिथं, चिकटवून ठेवलंय.

मग येते उदासी आणि चिंता. मायग्रेनवाल्यांमध्ये नैराश्य आणि चिंतेचे आजार इतरांपेक्षा दुपटीहून जास्त दिसतात. साधं उत्तर वाटतं की एवढं दुखल्यावर माणूस उदास होणारच. पण अमेरिकेत डेट्रॉइट भागात लोकांचा काही वर्षं पाठपुरावा केला तेव्हा रस्ता दुहेरी निघाला. ज्यांना आधी मायग्रेन होतं त्यांना पुढं नैराश्य येण्याची शक्यता जास्त, आणि ज्यांना आधी नैराश्य होतं त्यांना पुढं मायग्रेन सुरू होण्याची शक्यताही जास्त. दुसऱ्या प्रकारच्या तीव्र डोकेदुखीत असा दुहेरी रस्ता दिसला नाही, तिथं नुसतं डोकेदुखीकडून नैराश्याकडे. म्हणजे मायग्रेन आणि नैराश्य यांचं मेंदूत कुठंतरी मूळ सामायिक असावं, सेरोटोनिन नावाच्या मेंदूतल्या रसायनाचं नाव त्यात घेतात, काही जनुकंही.

इथं काउंटरवरचा एक नेहमीचा प्रसंग सांगते. डॉक्टर मायग्रेनला अमिट्रिप्टिलिन लिहून देतात, थोड्या डोसमध्ये, रात्री एक. पेशंट घरी जाऊन मोबाइलवर नाव टाकतो, दिसतं "डिप्रेशनची गोळी", आणि दुसऱ्या दिवशी पाकीट घेऊन परत, "ताई, मी काय वेडी आहे का?" एका ताईंचे तर डोळे भरून आले होते. मी त्यांना सांगितलं तेच इथं लिहिते. ही गोळी मायग्रेनमध्ये स्वतंत्रपणे काम करते, नैराश्य नसलेल्यांनाही अटॅक कमी करण्यासाठी देतात, डोसही सहसा कमी असतो. त्याच कामाला प्रोप्रॅनोलॉल देतात, ती बीपीची, टोपिरामेट देतात, ती फिटची. एका औषधाची दोन-तीन कामं असतात. या गोळ्या दुखल्यावर घ्यायच्या नसतात, दुखो न दुखो रोज घ्यायच्या असतात, फरक दिसायला दीड-दोन महिने लागतात, आणि लोक आठ दिवसांत सोडून देतात म्हणून "काही उपयोग नाही" म्हणतात. आणि समजा खरंच नैराश्य असलं, तर? तर तेही आजारच, त्याचा इलाज केला तर डोकंही सावरायला मदत होते. नागपुरातल्या मेडिकल आणि मेयो या दोन्ही सरकारी हॉस्पिटलांत मानसोपचार विभाग आहे, आणि जायची हिंमत होत नसेल तर टेलिमानस म्हणून सरकारचा १४४१६ नंबर आहे, २०२२ पासून सुरू आहे, फोनवर बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

पुरुषांचं थोडक्यात सांगते. मिहानमध्ये, विमानतळाजवळच्या त्या कंपन्यांत, रात्रपाळी करणारा एक पोरगा दर पंधरा दिवसांनी चष्म्याचा नंबर बदलला का ते तपासून यायचा, नंबर काही बदलायचा नाही. एका आठवड्यात रात्रपाळी, पुढच्या आठवड्यात दिवसाची, सुट्टीच्या दिवशी दुपारी दोनपर्यंत झोप, मधे कॉफीचे सहा-सात कप. त्याला कोणी मायग्रेन म्हटलंच नव्हतं, कारण "ते बायकांचं असतं". निद्रानाश आणि मायग्रेनचा रस्ताही दुहेरीच आहे, झोप बिघडली की अटॅक, अटॅक आला की झोप गेली. शिफ्ट त्याच्या हातात नव्हती, पण कॉफी दोन कपांवर हळूहळू आणणं आणि पाळी कोणतीही असो जेवणाची वेळ न चुकवणं हातात होतं.

आणि एकटं पडणं, विश्वास न बसणं, हा धोका कुठल्या रिपोर्टमध्ये दिसत नाही. अर्धशिशीत सीटी स्कॅन नॉर्मल येतो, बीपी नॉर्मल, रक्त नॉर्मल, आणि मग घरात सूर लागतो, "सगळं तर नॉर्मल आहे." १५ ते ४९ वयाच्या बायकांचे सगळ्यात जास्त धडधाकट दिवस खाणाऱ्या आजारांमध्ये जगभरात मायग्रेन अगदी वर आहे, आणि आपल्याकडे तो कामचुकारपणाचा बहाणा समजला जातो. असं ऐकत राहिलेली बाई काय करते, तर सांगणं बंद करते. दुखायच्या भीतीनं आधीच गोळी घेऊन टाकते. लग्नाला जात नाही, सिनेमाला जात नाही, "उद्या अटॅक आला तर" हा विचार रोजचाच होतो. दुखण्याची ही धास्ती आणि "माझ्या हातात काहीच नाही" ही भावना, या दोन्हींनी त्रास आणि अडलेले दिवस वाढतात हे मानसशास्त्रवाल्यांनी मोजलंय. म्हणूनच विचारांची सवय बदलणारी कॉग्निटिव्ह बिहेविअरल थेरपी, स्नायू सैल सोडायला शिकवणारं रिलॅक्सेशन, शरीरातला ताण मशीनवर बघून तो उतरवायला शिकवणारं बायोफीडबॅक, यांचा मायग्रेनमध्ये अटॅक कमी करायला उपयोग होतो. ते शिकावं लागतं, कोणीतरी शिकवावं लागतं, सराव लागतो. "विचार करू नको" हे सांगणं म्हणजे थेरपी नव्हे.

एक गोष्ट मधेच सांगते नाहीतर राहून जाईल. आयुष्यात कधी झालं नाही असं एका क्षणात फुटल्यासारखं डोकं दुखलं, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच दुखायला लागलं, सोबत ताप आणि मान ताठ, हात-पाय लुळा, बोलणं अडखळलं, डोक्याला मार लागलेला असला, तर ही अर्धशिशी समजून घरी बसायचं नाही, लगेच मोठ्या हॉस्पिटलमध्ये जायचं.

बाकी नेहमीच्या दुखण्यासाठी मी प्रत्येकाला भिंतीवरचं कॅलेंडर वापरायला सांगते. दुधाचा हिशोब आपण त्यावर लिहितोच, त्याच चौकोनात डोकं दुखलं त्या दिवशी गोल, गोळी घेतली तर फुली, पाळीच्या दिवसांना रेघ, आणि एखादा शब्द, जागरण, उपास, भांडण, पाहुणे गेले. तीन महिने. डॉक्टरकडे जाताना फोटो काढून न्यायचा, ओपीडीत पाच मिनिटं मिळतात, त्यात तोंडी सांगण्यापेक्षा तो फोटो जास्त सांगतो.

पोळ्यावाल्या काकूंनी असं कॅलेंडर केलं. दिवाळीच्या आधी आणून माझ्या काउंटरवर पसरवलं, दुधाच्या आकड्यांवर हळदीचे डाग आणि मधेमधे निळे गोल. आम्ही दोघींनी बघितलं तर बहुतेक गोल सोमवारचे होते. रविवारी ऑर्डरी सगळ्यात जास्त, पहाटे चारला उठायचं, दुपारी अडीचपर्यंत पोटात काही नाही, संध्याकाळी हुश्श, आणि सोमवारी डोकं. न्यूरोलॉजिस्टनी त्यांना रोजची गोळी सुरू केली, दुखण्याच्या गोळ्यांचे दिवस ठरवून दिले. काकूंचा मुलगा सोबत आला होता, बारावीतला. तो कॅलेंडरकडे बघत होता, मग म्हणाला, "आई, रविवारी दहा वाजता मी तव्यावर उभा राहतो, तू जेवून घे." काकू म्हणाल्या, "तुझ्याच्यानं फुगणार आहे का पोळी," पण कॅलेंडर गुंडाळताना त्यांनी माझ्याकडून पेन मागून घेतला आणि पुढच्या चारही रविवारांवर दहा वाजता असं लिहिलं.